कोज्या फलन : परमप्रसर व आवर्तनकाल यांवरून निश्चिती

ठराविक काळानंतर ज्याची मूल्ये त्याच क्रमाने पुन्हा येतात, अशा फलनास आवर्ती फलन म्हणतात. सर्व आवर्ती फलनांत ज्या आणि कोज्या ही फलने सर्वांत साधी व मूलभूत होत. कोज्या फलनाचा आलेख मध्यरेषेच्या वर व खाली सारखाच जातो. मध्यरेषेपासून त्याचे जे कमाल अंतर, त्यास परमप्रसर म्हणतात. आणि एका कमाल मूल्यापासून लगतच्या कमाल मूल्यापर्यंत जो काळ लागतो, त्यास आवर्तनकाल म्हणतात. ही दोन माने ठाऊक असता फलन लिहून काढणे हा शालेय त्रिकोणमितीतील नित्याचा प्रश्न आहे. तथापि दिनमान, ग्रहांची स्थाने, पंचांग आणि समुद्राची भरती-ओहोटी यांचे गणित मुळात याच प्रश्नावर उभे असल्यामुळे त्याचा इतिहास सु. दीड हजार वर्षांचा असून त्यातील महत्त्वाचा भाग महाराष्ट्राशी निगडित आहे.

फलनाचे स्वरूप : परमप्रसर प, आवर्तनकाल ट आणि काल क मानल्यास इष्ट फलन य = प कोज्या (३६०° क / ट) असे लिहिता येते. उदा., परमप्रसर ३ आणि आवर्तनकाल ८ असल्यास ३६०° ला ८ ने भागून य = ३ कोज्या (४५° क) हे फलन मिळते. क = ० असता त्याचे मूल्य ३, क = २ असता ०, क = ४ असता −३ आणि क = ८ असता पुन्हा ३ येते.

परंतु या रीतीत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक म्हणजे मध्यरेषा शून्यावर आहे आणि दुसरी म्हणजे कालमापनाचा आरंभ कमाल मूल्याच्या क्षणीच झाला आहे. प्रत्यक्ष सृष्टीत या दोन्ही गोष्टी क्वचितच आढळतात. म्हणून मध्यममूल्य म आणि कमाल मूल्याचा क्षण ख अशी आणखी दोन माने घेऊन य = म + प कोज्या [३६०° (क − ख) / ट] असे पूर्ण रूप वापरावे लागते. केवळ परमप्रसर व आवर्तनकाल दिले असता एक फलन नव्हे, तर एकाच आकाराच्या फलनांचे संपूर्ण कुल मिळते. त्यातील नेमके एक निवडण्यास आरंभीची कला, म्हणजे ख हे मान, सांगावे लागते. ज्या फलन हेही याच कुलातील असून ते कोज्या फलनाहून केवळ ९०° मागे सरकलेले असते.

संज्ञेचा उगम : ‘कोज्या’ हा शब्द ‘कोटिज्या’ या प्राचीन संज्ञेचा संक्षेप आहे. वर्तुळाच्या कंसाची दोन टोके जोडणारी रेषा धनुष्याच्या दोरीसारखी दिसते, म्हणून तिला ज्या किंवा जीवा म्हणत. पुढे गणिताच्या सोयीसाठी दुप्पट कंसाच्या जीवेचे अर्ध घेण्याचा प्रघात पडला व त्या अर्धज्येलाच ज्या म्हणू लागले. कंस ९०° मधून वजा करून उरलेल्या कंसाची ज्या ती कोटिज्या होय. ‘जीवा’ हा शब्द अरबीत ‘जीब’ असा गेला. तो ‘जैब’ असा वाचला गेल्याने बाराव्या शतकात लॅटिनमध्ये त्याचे ‘सायनस’ असे भाषांतर झाले. ‘को-सायनस’ ही संज्ञा एडमंड गंटर यांनी १६२० मध्ये योजिली. तीमधील ‘को’ हा पूरक कोनाचा निदर्शक असून संस्कृत ‘कोटी’शी त्याचे असलेले साम्य योगायोगाचे आहे; मात्र दोन्ही संज्ञांचा गणिती आशय एकच आहे.

आजची ज्या व कोज्या ही गुणोत्तरे आहेत, तर भारतीय ग्रंथांतील ज्या ही प्रत्यक्ष लांबी होती. आर्यभट (जन्म ४७६) यांनी आर्यभटीय (४९९) या ग्रंथात २२५ कलांच्या अंतराने २४ ज्यांमधील फरक दिले आहेत. वर्तुळाचा परिघ २१,६०० कला धरल्यास त्रिज्या सु. ३,४३८ कला येते व हीच संख्या पुढील अनेक ग्रंथांत त्रिज्या म्हणून रूढ झाली.

सिद्धांतग्रंथांतील रीत : परमप्रसर व आवर्तनकाल यांवरून फलन ठरविण्याची रीत सिद्धांतग्रंथांत वेगळ्या नावांनी, पण पूर्ण स्वरूपात आढळते. ग्रहाच्या मध्यम स्थानात जी दुरुस्ती करून स्पष्ट स्थान काढतात, तिला मंदफल म्हणतात. तिचे कमाल मूल्य म्हणजे परमफल. ग्रहाच्या एका युगातील फेऱ्यांची संख्या म्हणजे भगण. त्यावरून आवर्तनकाल मिळतो. मंदोच्चापासून मोजलेले कोनीय अंतर म्हणजे केंद्र. परमफलास केंद्राच्या ज्येने गुणून त्रिज्येने भागिले असता स्थूलमानाने इष्ट दिवसाचे मंदफल येते. सूर्याचे परमफल सूर्यसिद्धांताप्रमाणे सु. २° १०′ आहे. आधुनिक मान सु. १° ५५′ आहे.

सूर्याच्या क्रांतीचे, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेस वा दक्षिणेस असलेल्या कोनीय अंतराचे, गणितही याच धर्तीचे आहे. परमक्रांती २४° मानून तिची ज्या १,३९७ कला धरीत. तिला सूर्याच्या भुजज्येने गुणून ३,४३८ ने भागले की इष्ट क्रांतीची ज्या मिळे. येथे १,३९७ हा परमप्रसर, सूर्याचे वर्ष हा आवर्तनकाल आणि संपाताचा क्षण हा कलेचा आरंभ होय. आधुनिक मांडणीतील तिन्ही घटक या रीतीत स्पष्टपणे वेगळे केलेले आहेत.

भास्कराचार्य (१११४–सु. ११८५) यांनी सिद्धांतशिरोमणि (११५०) या ग्रंथात या विषयात मोलाची भर घातली. त्यातील ज्योत्पत्ति या प्रकरणात दोन कोनांच्या बेरजेची व वजाबाकीची ज्या काढण्याचे नियम आहेत. ग्रहाची गती क्षणोक्षणी बदलत असल्यामुळे त्यांनी तात्कालिक गतीचा विचार केला आणि ज्येत होणारी सूक्ष्म वाढ ही त्या ठिकाणच्या कोटिज्येच्या प्रमाणात असते, हे तत्त्व वापरले. याच तत्त्वाचा उपयोग त्यांच्या आधी मुंजाल यांनी लघुमानस (९३२) या ग्रंथात केला होता. परमफलाच्या ठिकाणी फलाची गती शून्य होते, हे भास्कराचार्यांचे विधान आधुनिक कलनशास्त्राच्या परिभाषेत, कमाल मूल्यापाशी अवकलज शून्य होतो, असे मांडता येईल.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्यापन खानदेशात चालू राहिले. चाळीसगावजवळील पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात त्यांचे नातू आणि यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी चांगदेव यांनी या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापिल्याचा उल्लेख आहे. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रकाशात आणला.

विदर्भातील दैवज्ञ कुल : पयोष्णी हे नाव वऱ्हाडातील पूर्णा नदीला लावले जाते. विदर्भात पयोष्णीच्या तीरावर असलेल्या दधिग्राम या गावचे एक दैवज्ञ कुल पुढे काशीस स्थायिक झाले. या कुलातील कृष्ण दैवज्ञ यांनी भास्कराचार्यांच्या बीजगणितावर बीजपल्लव ही टीका लिहिली. ते जहांगीर बादशहाच्या आश्रयास होते. त्यांचे बंधू रंगनाथ यांनी सूर्यसिद्धांतावर गूढार्थप्रकाशिका (१६०३) ही टीका रचली. रंगनाथांचे पुत्र मुनीश्वर (जन्म १६०३) यांनी सिद्धांतशिरोमणीवर मरीचि ही विस्तृत टीका व सिद्धांतसार्वभौम (१६४६) हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी १९१ ही त्रिज्या घेऊन प्रत्येक अंशाची ज्या दिली आहे. त्यांचे प्रतिस्पर्धी कमलाकर यांनी सिद्धांततत्त्वविवेक (१६५८) या ग्रंथात ६० ही त्रिज्या स्वीकारली. कमलाकरांचे कुल मूळचे गोदातीरावरील गोलग्रामचे होते. आर्यभटांनी पावणेचार अंशांच्या अंतराने दिलेली ज्या या ग्रंथांत एकेका अंशाने मिळू लागली, त्यामुळे दोन ज्यांमधील मूल्ये अंदाजाने भरून काढण्यातील स्थूलता कमी झाली.

याच्या उलट मार्ग गणेश दैवज्ञ यांनी अवलंबिला. कोकणातील नांदगाव येथे रचलेल्या ग्रहलाघव (१५२०) या करणग्रंथात त्यांनी ज्या व चाप यांचा उपयोग पूर्णपणे टाळला आणि साध्या गुणाकार-भागाकारांनी तेच फल काढण्याच्या युक्त्या दिल्या. असे एक सूत्र सातव्या शतकातील पहिल्या भास्करांनी दिले होते : कोन व त्याने १८०° ला उणा केलेला कोन यांचा गुणाकार करावा, त्याची चौपट करून ४०,५०० मधून तोच गुणाकार वजा केलेल्या संख्येने भागावे, म्हणजे ज्या येते. ६०° साठी या सूत्राने ०·८६४९ हे मूल्य मिळते. खरे मूल्य ०·८६६० आहे. ग्रहलाघवातील दुसरी सोय म्हणजे क्षेपक. ग्रंथारंभीच्या दिवशी ग्रहाचे जे स्थान असेल, ते क्षेपक म्हणून दिलेले असते. आधुनिक भाषेत ही आरंभकला होय. अल्प गणिताने इष्ट फल मिळत असल्यामुळे ग्रहलाघव महाराष्ट्रातील पंचांगकर्त्यांत शतकानुशतके प्रचारात राहिला.

आवर्तनकालातील चूक व परमप्रसरातील चूक : कोज्या फलनाच्या या दोन मानांतील चुकांचे परिणाम मूलतः भिन्न असतात. परमप्रसर चुकला, तर प्रत्येक आवर्तनात तेवढीच चूक पुनःपुन्हा येते, पण ती वाढत नाही. परमक्रांती २४° धरल्याने येणारी चूक सु. अर्ध्या अंशापलीकडे कधीच जात नाही. आवर्तनकाल चुकला, तर मात्र प्रत्येक आवर्तनागणिक कला थोडीथोडी सरकते आणि चूक साचत जाते. सूर्यसिद्धांताचे वर्ष ३६५ दिवस ६ तास १२ मि. ३६·६ सेकंदांचे आहे. नाक्षत्र वर्षाचे आधुनिक मान ३६५ दिवस ६ तास ९ मि. १० सेकंद आहे. दोहोंतील फरक जेमतेम साडेतीन मिनिटांचा असला, तरी हजार वर्षांत तो सु. २·४ दिवसांचा होतो.

याहून महत्त्वाचा भेद नाक्षत्र व सांपातिक वर्षांमधील आहे. ऋतू सूर्याच्या क्रांतीवर अवलंबून असतात व क्रांतीचा आवर्तनकाल सांपातिक वर्ष, म्हणजे ३६५·२४२२ दिवस, हा आहे. सूर्याच्या मृग, आर्द्रा इ. नक्षत्रांतील प्रवेशाचा आवर्तनकाल नाक्षत्र वर्षाचा आहे आणि तो सु. २० मिनिटांनी मोठा आहे. परिणामी सु. ७१ वर्षांत मृगाचा प्रवेश ऋतूंच्या मानाने एक दिवस उशिरा येतो. सूर्यसिद्धांताचे वर्ष वापरल्यास हाच फरक सु. ६० वर्षांत पडतो. शिवकालापासून आजवरच्या साडेतीनशे वर्षांत ही सरक पाच ते सहा दिवसांची भरते. वऱ्हाडात खरिपाच्या पेरणीचा अंदाज रोहिणी व मृग या नक्षत्रांवरून बांधण्याची परंपरा असल्यामुळे आवर्तनकाल कोणता घ्यावा, हा प्रश्न केवळ पंडितांपुरता राहत नाही.

महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात पंचांगशोधनाचा जो वाद उद्‌भवला, त्याचे मूळ या मानांतच होते. केरो लक्ष्मण छत्रे (१८२४–८४) यांनी कुलाबा वेधशाळेत तरुणपणीच वेध व गणित यांचा अनुभव घेतला होता. त्यांनी पाश्चात्त्य मानांवरून ग्रहसाधनाची कोष्टके (१८६०) हा ग्रंथ मराठीत सिद्ध केला व त्याच्या आधारे १८६५ पासून पटवर्धनी पंचांग प्रसिद्ध होऊ लागले. त्यांनी मंदफलाची मूळ कल्पना सोडली नाही. परमफले, भगण आणि क्षेपक ही माने मात्र नव्या वेधांनुसार बदलली. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या भारतीय ज्योतिःशास्त्र (१८९६) या ग्रंथात या सर्व परंपरेचा साधार इतिहास आला आहे.

फलन-संकल्पना व हरात्मक विश्लेषण : यूरोपात लेनर्ड ऑयलर (१७०७–८३) यांनी १७४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ज्या व कोज्या यांना वर्तुळातील रेषांऐवजी संख्यात्मक फलनांचे स्थान दिले. झोझेफ फूर्ये (१७६८–१८३०) यांनी १८२२ मध्ये उष्णतेच्या वहनासंबंधीच्या ग्रंथात असे दाखविले की, गुंतागुंतीचे आवर्ती फलनही निरनिराळे परमप्रसर असलेल्या अनेक ज्या व कोज्या फलनांच्या बेरजेने व्यक्त करता येते. मूळ आवर्तनकालाचा अर्धा, तिसरा, चौथा इ. हिस्सा हे या घटकांचे आवर्तनकाल असतात. त्यामुळे प्रश्न उलट दिशेनेही मांडता येऊ लागला : आवर्तनकाल ज्ञात आहे आणि निरीक्षणे हाती आहेत, तर प्रत्येक घटकाचा परमप्रसर व कला काय? यासाठी प्रत्येक निरीक्षणास त्या क्षणीच्या कोज्येने व ज्येने गुणून दीर्घकाळाची सरासरी घेतात. त्या घटकाखेरीज इतर सर्व घटक या सरासरीत गळून पडतात. या रीतीस हरात्मक विश्लेषण म्हणतात.

मुंबईची भरती-ओहोटी : या रीतीचा महाराष्ट्रातील ठळक उपयोग मुंबई बंदरात झाला. विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांच्या पुढाकाराने ब्रिटिश असोसिएशनने १८६७ पासून भरती-ओहोटीचे हरात्मक विश्लेषण हाती घेतले. भारतात ए. डब्ल्यू. बेअर्ड यांच्या देखरेखीखाली भारतीय सर्वेक्षण विभागाने बंदरांत नोंदयंत्रे बसविली. मुंबईत अपोलो बंदर येथे १८७८ पासून पाण्याच्या उंचीची नोंद होऊ लागली.

चंद्रामुळे उद्‌भवणाऱ्या मुख्य घटकाचा आवर्तनकाल १२·४२ तास व सूर्यामुळे उद्‌भवणाऱ्याचा १२ तास आहे. हे आवर्तनकाल चंद्रसूर्यांच्या गतींवरून ठरतात व सर्व बंदरांना सारखेच लागू पडतात. परमप्रसर व कला मात्र किनाऱ्याची ठेवण व पाण्याची खोली यांवर अवलंबून असल्यामुळे प्रत्येक बंदरासाठी निरीक्षणानेच ठरवावी लागतात. मुंबईत चांद्र घटकाचा परमप्रसर सु. सव्वा मीटर, तर सौर घटकाचा अर्ध्या मीटरच्या आसपास आहे. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास दोहोंच्या कला जुळतात, परमप्रसरांची बेरीज होते आणि उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास ते परस्परांविरुद्ध जातात व भांगाची भरती येते. दोन आवर्तनकालांवरून या चक्राचा काल १४·७७ दिवस निघतो.

अनेक कोज्या फलनांची बेरीज हाताने करणे अत्यंत कष्टाचे असल्यामुळे टॉमसन यांनी १८७२-७३ मध्ये भरतीचे भाकीत करणारे यंत्र योजिले. त्यात प्रत्येक घटकासाठी एक कप्पी असून तिचे वरखाली होणे परमप्रसराइतके व फिरण्याचा वेग आवर्तनकालानुसार ठेवलेला असे. सर्व कप्प्यांवरून गेलेला एकच दोर बेरीज करून ती कागदावर रेखाटीत असे. भारतीय बंदरांसाठी असे स्वतंत्र यंत्र एडवर्ड रॉबर्ट्‌स यांच्या देखरेखीखाली १८७९ मध्ये लंडनमध्ये तयार झाले व त्यावर भारतीय बंदरांची भरती-कोष्टके सिद्ध होऊ लागली. जॉर्ज डार्विन यांनी १८८३ मध्ये या विश्लेषणाची पद्धती प्रमाणबद्ध केली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकांनी अशा यंत्रांची जागा घेतली. मात्र बेरजेचे सूत्र तेच राहिले.

एक उदाहरण : हिवरखेड (जि. अकोला) हे सातपुड्याच्या पायथ्याशी, पूर्णेच्या खोऱ्यात, सु. २१·१° उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. येथील दिनमानाचे फलन चारही मानांवरून ठरविता येते. वातावरणातील प्रकाशाचे वक्रीभवन सोडून दिल्यास येथील मोठ्यात मोठा दिवस सु. १३ तास १७ मिनिटांचा व लहानात लहान सु. १० तास ४३ मिनिटांचा येतो. दोहोंची अर्धी बेरीज १२ तास हे मध्यममूल्य आणि अर्धी वजाबाकी ७७ मिनिटे हा परमप्रसर होय. आवर्तनकाल ३६५·२४ दिवस व कमाल मूल्याचा दिवस २१ जून घेतल्यास, दिनमान = १२ तास + ७७ मिनिटे × कोज्या [३६०° (क − ख) / ३६५·२४] असे फलन मिळते; येथे (क − ख) म्हणजे २१ जूनपासूनचे दिवस. २१ ऑगस्टला ६१ दिवस होतात, कोन सु. ६०° व त्याची कोज्या सु. ०·५ येते. म्हणून त्या दिवसाचे दिनमान सु. १२ तास ३८ मिनिटे होय. गोलीय त्रिकोणमितीने केलेले सूक्ष्म गणितही हेच उत्तर देते.

याच रीतीने सूर्य डोक्यावर येण्याचे दिवसही काढता येतात. क्रांतीचा परमप्रसर २३·४४° आहे. क्रांती २१·१° होण्यासाठी कोज्या ०·९० व्हावी लागते, म्हणजे कोन सु. २५·८° आणि दिवस सु. २६ येतात. २१ जूनच्या तितके दिवस आधी व नंतर, म्हणजे २६ मे व १७ जुलै यांच्या सुमारास, हिवरखेड येथे मध्यान्ही सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. पहिला दिवस सूर्याच्या रोहिणी नक्षत्रप्रवेशाच्या लगतच येतो. दुसऱ्या वेळी पावसाळी ढगांमुळे सूर्य दिसेलच असे नाही. परमक्रांती जुन्या ग्रंथांप्रमाणे २४° धरल्यास हेच अंतर सु. २९ दिवसांचे येते. परमप्रसरातील अर्ध्या अंशाची चूक येथे दिनांकात सु. तीन दिवसांचा फरक पाडते; कारण कमाल मूल्याजवळ फलन अतिशय मंदपणे बदलते.

मर्यादा : दिनमानासारख्या शुद्ध भूमितीय राशीला एकच कोज्या पुरते, ऋतुमानाशी निगडित सर्व राशींना ती पुरत नाही. वऱ्हाडातील तापमान मे महिन्यात उच्चांक गाठते, पावसाबरोबर झपाट्याने उतरते व ऑक्टोबरमध्ये दिवसाचे ऊन पुन्हा जाणवू लागते. वर्षातून दोनदा चढणारा हा आलेख वार्षिक आवर्तनकालाच्या एका कोज्येने दाखविता येत नाही. त्यासाठी सहामाही आवर्तनकालाचा दुसरा घटक मिळवावा लागतो. पर्जन्यमानाच्या बाबतीत तर परमप्रसर दरवर्षी बदलतो. म्हणून दिलेल्या परमप्रसरावरून व आवर्तनकालावरून फलन लिहिण्यापूर्वी, प्रस्तुत राशी खरोखरच समप्रमाण व नियमित आवर्तनाची आहे की नाही, हे निरीक्षणांनी पडताळून पाहणे आवश्यक ठरते.